डोकं भिंतीला टेकेना

४ जानेवारी

दादा,

पाया पडते, पण लांबूनच. वाकायला मला काही वेगळं करावं लागत नाही, वाकलेलीच आहे. वाकून पुन्हा सरळ होणं मात्र आता जमत नाही.

हसू नकोस. यंदा पाठीपुढे मी अगदी हात टेकले आहेत. काल दुकानात एका गिऱ्हाईकबाईंनी मला विचारलं, "तुमचं काही पडलंय का? शोधू का मी?" मी नुसती काउंटरकडे चालत येत होते. मालकांनी ते ऐकलं आणि तोंड फिरवलं. मला इतकी लाज वाटली की मागच्या खोलीत जाऊन अर्धा तास सुई हातात धरून बसले, एक टाका घातला नाही.

मी रफू करते हे तू चारचौघांत सांगतोस, पण करताना मला कधी पाहिलं नाहीस. कोटाला सिगरेटने भोक पडलेलं असतं, नाहीतर स्वेटर कसरीने खाल्लेला. त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून धागे काढायचे, कपडा गुडघ्यावर पसरायचा आणि एकेक उभा-आडवा धागा विणत भोक असं बुजवायचं की कपड्याच्या मालकालाही सापडू नये. एकोणीस वर्षं मी गुडघ्याला नाक लावून बसले आहे. त्याचंच हे फळ, असं सगळे म्हणतात आणि मलाही तेच वाटतं.

पण सकाळी काय होतं ते कुणाला सांगू? पहाटे दुखण्याने जाग येते. उठल्यावर तासभर पाठीचं लाकूड झालेलं असतं. पायमोजे लेक चढवते. सोळा वर्षांची पोर आईला पायमोजे घालते आणि वर म्हणते, लहानपणीचे फेडतेय. गंमत अशी की दुकानात दोन-चार फेऱ्या मारल्या की अंग मोकळं होतं, आणि रविवारी पडून आराम केला की सोमवारी जास्त आखडतं.

पट्टा बांधला, तेल चोळलं, उशी काढली, उशी घातली. जमिनीवर झोपले, तर सकाळी उठवायला दोन माणसं लागली. आता शेजारीण एका माणसाचं नाव घेते. त्याला सगळे ताणवैद्य म्हणतात. तो पाठ ओढून सरळ करतो, तीन बैठकांत. यंदा मला ह्याचा काय तो सोक्षमोक्ष लावायचाच आहे. तू आयुष्यभर शाळेत पोरांना ताठ उभं केलंस. तू सांग, जाऊ का?

उत्तर पत्रानेच पाठव. फोन दुकानात आहे आणि मालकांच्या देखत पाठीचं बोलणं बरं दिसत नाही.

तुझी बारकी

११ जानेवारी

बारके,

आशीर्वाद. तुझं पत्र उभ्याने वाचलं आणि उत्तरही उभ्याने लिहितो आहे. मी उंच मेज करून घेतलंय. बसून लिहिणारी माणसं पुढे झुकतात आणि मग तुझ्यासारखी पत्रं लिहितात.

तू चौथीत असल्यापासून मी तुझ्या पाठीवर फूटपट्टी टेकवून 'ताठ बस' म्हणत आलो. पालथ्या घड्यावर पाणी. तुझं पाठीचं दुखणं म्हणजे जुनी सवय, बाकी काही नाही. दुखणं गोंजारत बसलं की ते डोक्यावर चढून बसतं. माझ्याकडे बघ. पंधरा फेब्रुवारीला माझा निरोपसमारंभ आहे, चारशे पोरं संचलन करणार आणि मी सलामी घेणार. अठ्ठावन्न पूर्ण झाली तरी छडीसारखा आहे. परवा मुख्याध्यापक सगळ्या शिक्षकांसमोर म्हणाले, कणा असावा तर कवायतीच्या सरांसारखा. ऐकून बरं वाटलं, खोटं कशाला सांगू?

उद्यापासून रोज भिंतीला टेकून उभी राहा. टाचा, कंबर, खांदे, डोकं, चारही भिंतीला लागले पाहिजेत. दहा मिनिटं. रडायचं नाही. त्या ताणवैद्याकडेही खुशाल जा. वाकलेला खिळा ठोकल्याशिवाय सरळ होत नाही.

तुझी वहिनी म्हणते, आधी चांगल्या डॉक्टरला दाखव. तिचं काय, तिला शिंक आली तरी डॉक्टर लागतो.

दादा

१९ जानेवारी

दादा,

तुझी भिंत केली. टाचा टेकल्या, कंबर टेकली, खांदे कसेबसे टेकले. डोकं काही टेकेना. लेक म्हणाली, आई, अजून मागे घे. मी म्हटलं, अजून मागे माझ्याकडे शिल्लक नाही. तिने माझ्या डोक्यामागे दोऱ्याचं रीळ आडवं धरलं तर ते आरामात मावलं आणि वर दोन बोटं उरली. आम्ही दोघी आधी हसलो. मग तिने रीळ डब्यात ठेवलं आणि मी भिंतीपासून बाजूला झाले.

आता दुसरंच ऐक. माझा उजवा डोळा पुन्हा लाल झाला. दोन वर्षांतली ही तिसरी खेप. उजेड सहन होत नाही, सुईत दोरा जाईना, म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरबाईंकडे गेले. त्यांनी डोळा तपासला, औषध घातलं आणि मग खुर्ची मागे सरकवून विचारलं, "पाठ कधीपासून दुखते?" मी पाठीबद्दल चकार शब्द बोलले नव्हते. त्यांनी सकाळचं विचारलं, पहाटेचं विचारलं, आराम केल्यावर वाढतं का ते विचारलं. सगळ्याला मी हो म्हणत गेले.

त्या म्हणाल्या, हा डोळा आणि ही पाठ एकाच आजाराची असू शकतात. बसण्याच्या सवयीने येणारी पाठ वेगळी आणि ही वेगळी. हा आजार घराण्यात फिरतो. "भावंडांत, आईवडिलांत कुणाची पाठ आखडलेली आहे? कुणाचे डोळे असे वरचेवर लाल होतात?" आई शेवटी शेवटी वाकली होती, पण म्हाताऱ्या बायका वाकतातच. मी म्हटलं, दादाला विचारते.

त्यांनी रक्ताची आणि एक्स-रेची चिठ्ठी दिली आहे. त्यासाठी मोठ्या शहरातल्या इस्पितळात जावं लागतं, दोन दिवस मोडतात. मालकांकडे सुट्टी मागायची म्हणजे पाठीचं सगळं पुराण सांगायचं, आणि मग ते मला सुईवर ठेवतील की कपड्यांना नंबर लावायला बसवतील कोण जाणे. म्हणून मी असं ठरवलंय: आपल्यात कुणाला असं असेल तर इस्पितळात जाईन. नसेल तर ही साधी वाकडी पाठ आहे असं धरून ताणवैद्याकडे जाईन.

पाच-सहा वर्षांपूर्वी तू आलास तेव्हा काळा चष्मा लावला होतास, जेवतानाही काढला नाहीस. धूळ गेली म्हणालास. ती धूळच होती ना? आठवून नीट लिही. माझी सगळी मदार तुझ्या उत्तरावर आहे.

बारकी

२५ जानेवारी

बारके,

आपल्या घरात कुणाची पाठ आखडलेली नाही. ती धूळच होती. डोळ्यांच्या डॉक्टरला पाठीतलं काय कळतं? उगाच शंका काढून इस्पितळाच्या पायऱ्या झिजवू नकोस.

संचलनाच्या तयारीत आहे. जास्त लिहीत नाही.

दादा

३१ जानेवारी

दादा,

तुझं पत्र आलं आणि जीव भांड्यात पडला. डॉक्टरबाईंची चिठ्ठी बटणांच्या डब्यात टाकली.

ताणवैद्याने बारा फेब्रुवारी दिली आहे. काल त्याची खोली पाहून आले. छताला लोखंडी कांब आहे, तिला कप्पी आणि चामड्याचा पट्टा. पट्टा हनुवटीखाली अडकवतो, माणूस वर उचलतो आणि मागून गुडघा लावून एक झटका देतो. माझ्या देखत एक ड्रायव्हर आत गेला आणि हसत, सरळ चालत बाहेर आला. माझ्या पाठीवर त्याने अंगठा फिरवला आणि म्हणाला, "ही फार जुनी गाठ आहे. जोर जास्त लागेल."

दादा, मला भीती वाटते. घरात सांगत नाही, तुला सांगते. मला रफू शिकवणाऱ्या म्हाताऱ्या बाई म्हणायच्या, आटलेला कपडा ओढून जागेवर आणायचा नसतो, ओढला की शेजारून फाटतो. कालपासून तेच डोक्यात घोळतंय. पण माणूस म्हणजे कपडा थोडाच आहे, आणि तू म्हणालास जा, म्हणून जाते आहे.

तुझं पत्र चार ओळींचं कसं? तू तर साध्या सर्दीवर दोन पानं लिहितोस. आणि वहिनीचा निरोप नव्हता. भांडलात का?

बारकी

६ फेब्रुवारी

बारके,

पुढचं वाचायच्या आधी बारा तारीख रद्द कर. त्या माणसाला तुझ्या मानेला हात लावू देऊ नकोस. रद्द करून ये आणि मग वाच.

मी तुला खोटं लिहिलं. ती धूळ नव्हती. माझे डोळे आजवर सात वेळा तसे लाल झाले आहेत.

अकरा वर्षांपूर्वी मी एक्स-रे काढला. डॉक्टरांनी तो उजेडावर धरून दाखवला. पाठीची हाडं सुटी दिसायला हवीत, माझी खालपासून वरपर्यंत एकमेकांना जुळून एकच काठी झाली होती. ते म्हणाले, तुम्ही रोज कवायत करता म्हणून ती सरळ जुळली, नाहीतर वाकून जुळली असती. लोक ज्याला माझा ताठपणा म्हणतात तो हा आहे. मला वाकता येत नाही. मान वळत नाही, म्हणून मी सगळ्या अंगाने वळतो आणि पोरांना वाटतं ही शिस्त. बुटाच्या नाड्या तुझी वहिनी बांधते. उंच मेजाची फुशारकी मारली, कारण मला फार वेळ बसवत नाही.

त्याच दिवशी डॉक्टरांनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या. अशा पाठीला कधीही झटका द्यायचा नाही, खडूसारखी मोडते आणि माणूस जन्माचा अंथरुणाला खिळतो. आणि दुसरी, भावंडं असतील तर त्यांना तपासून घ्या, वेळेत औषध मिळालं तर कणा वाचतो. मी मान हलवली. म्हणजे हलवल्यासारखं केलं. आणि तुला अकरा वर्षं कळवलं नाही.

का, ते विचारशील. आधी नोकरीची भीती. आजारी माणसाला कवायतीचा सर कोण ठेवेल? झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून बसलो. मग तो मोठेपणाच झाला. पण याच्याही खाली एक कारण आहे. तू वाकत गेलीस ते बघून मला बरं वाटायचं. दोघांना एकच दुखणं असेल, असं आत कुठेतरी कळत होतं; तरी मी स्वतःला सांगायचो, मी शिस्तीने ते जिंकलं आणि ही आळशी म्हणून हरली. तू माझ्या पाठची बहीण, आणि मी तुझ्या पाठीशी असा वागलो.

पंचवीस तारखेचं ते चार ओळींचं पत्र तुझी वहिनी पोस्टात टाकेना. मी स्वतः जाऊन टाकलं. तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते. काल तुझं कप्पी-पट्ट्याचं पत्र आलं. तिने ते मोठ्याने वाचलं, घडी घालून माझ्या उंच मेजावर ठेवलं आणि म्हणाली, "हिची मान मोडली, तर पंधरा तारखेला तुम्ही कुठल्या तोंडाने सलामी घेणार?" 

आणि एक. माझा थोरला महिन्यापूर्वी सुट्टीला आला होता. सकाळी पलंगावरून उठताना त्याने भिंत धरली आणि तसाच थोडा वेळ उभा राहिला. मी ते पाहिलं आणि पाहिलंच नाही असं केलं. हे तुझ्या वहिनीलाही सांगितलेलं नाही.

आज दुकानात दोनदा फोन केला. मालकांनी उचलला. तू कपडे पोचवायला गेली होतीस. निरोप काय देऊ विचारल्यावर माझ्या तोंडून 'काही नाही' निघालं. म्हणून हे जलद टपालाने पाठवतो आहे. दोन दिवसांत मिळेल. बारा तारखेच्या आत नक्की मिळेल.

तुझा, कुठल्या तोंडाने लिहू,
दादा

८ फेब्रुवारी

दादा,

घाईत दोन ओळी. ताणवैद्याकडचं कुणीतरी गळलं म्हणून त्याने मला अलीकडे घेतलंय. बाराला नाही, परवाच, दहाला सकाळी नऊला जायचंय. बरंच झालं, टांगती तलवार लवकर उतरेल. लेक बरोबर येते म्हणत होती, मी नको म्हटलं. तुला हे पत्र मिळेल तोवर मी सरळ झालेली असेन.

मालक म्हणत होते तुझा फोन येऊन गेला आणि निरोप काही नव्हता. मला वाटलं, माझी आठवण आली असेल. बरं वाटलं.

बारकी

२० फेब्रुवारी

दादा,

तू चौदा दिवस उत्तराची वाट बघत असशील. बघ. मी अकरा वर्षं न मिळालेल्या पत्राची वाट बघत होते, तेही मला माहीत नसताना.

काय झालं ते सांगते. तुझं पाकीट नऊ तारखेला दुकानात आलं. मी एका कोटाच्या कॉलरवर होते. मालकांनी ते माझ्या डब्याशेजारी ठेवलं. वर तांबड्या शाईने 'तातडीचे' लिहिलेलं होतं. आता तूच सांग, तू मला आजवर तांबड्या शाईत 'तातडीचे' लिहिल्याशिवाय एक तरी पाकीट पाठवलं आहेस का? आईच्या मोतीबिंदूचं तातडीचे, तुझ्या शाळेच्या स्नेहसंमेलनाचंही तातडीचे. मला वाटलं, आत तेच असणार, ताठ बस, भिंत कर. मी ते पिशवीत टाकलं आणि विसरले.

दहाला ताणवैद्याकडे पोचले. पुढे दोघं होती. आतून कप्पीचा आवाज येत होता आणि मला बाकावर स्वस्थ बसवेना. हाताला चाळा हवा म्हणून पिशवीत हात घातला, तर तुझं पाकीट लागलं. पहिली ओळ वाचली. रद्द करून ये आणि मग वाच, असं तू लिहिलं होतंस; मी तिथेच वाचत गेले. तोवर एक जण आत गेला, दुसराही आत गेला. मी खडूच्या ओळीपाशी होते तेव्हा ताणवैद्य दारात आला, पट्टा हातात घेऊन, आणि म्हणाला, "चला बाई." मी बाकाची कड अशी धरून ठेवली की त्याला वाटलं मी त्यालाच घाबरले. तो धीर द्यायला लागला, एका झटक्याचं काम आहे म्हणाला. मी पिशवी उचलून रस्त्यावर आले आणि दुकानापर्यंत चालत गेले, मानेला हात लावून, जणू ती मी धरली नाही तर पडेल.

मालकांना सगळं सांगितलं. आजाराचं नाव सोडून एकूण एक. ते ऐकून घेऊन म्हणाले, दोन दिवसांनी काय होतंय, चार घ्या. एवढ्यासाठी मी महिना लपवाछपवी केली. त्या बाबतीत आपण दोघं एकाच घरचे आहोत खरे.

इस्पितळात फोटो काढला. कंबरेची हाडं जुळायला लागली आहेत, ती सुटी व्हायची नाहीत. मान अजून मोकळी आहे. डॉक्टर म्हणाले, झटका बसला असता तर काय झालं असतं ते तुम्ही विचारू नका आणि मी सांगत नाही. गोळ्या सुरू केल्या आहेत. रोज सकाळ-संध्याकाळ व्यायाम आहे, तुझ्या भिंतीसकट, पण जिथवर जाईल तिथवरच, रेटायचं नाही. कपडा आता गुडघ्यावर घेत नाही. मालकांनी उतरतं मेज करून दिलंय, कपडा छातीपाशी येतो आणि मी अर्ध्या-अर्ध्या तासाने उठते. आठव्या दिवशी सकाळी मी पायमोजे स्वतः घातले. एकाला दहा मिनिटं लागली. लेक दारात उभी राहून बघत होती आणि तिला मदत करू दिली नाही.

म्हणजे औषध होतं, दादा. मी तेल चोळत होते, पट्टे बांधत होते, तू हसत होतास, आणि ते औषध तेव्हाही होतं. अकरा वर्षांपूर्वी माझी कंबर मोकळी होती. माझी लेक तेव्हा पाच वर्षांची होती, मी तिला खाली वाकून उचलू शकत होते. तू मला वाचवलंस असं वहिनीने फोनवर म्हटलं. मी तिला म्हटलं, वाचवलं खरं, पण बुडवलं कुणी होतं? मला तुझा राग आला आहे आणि तो इतक्यात जाणार नाही. ते कारण तू लिहिलंस, मी वाकताना तुला बरं वाटायचं ते. ते मी एकदाच वाचलं. पुन्हा वाचायचा धीर नाही.

लेकीला मी त्याच संध्याकाळी सगळं सांगितलं. तिला आज काही त्रास नाही, पण काय झालं तर काय बघायचं ते तिला ठाऊक आहे. ती थोडी रडली, मग जेवली.

आता थोरल्याचं. तो पंचविशीत आहे आणि भिंत धरून उठतो. हे माहीत असलेली माणसं दोनच, तू आणि मी. त्याला तू सांग. मी आठ दिवस थांबते. नवव्या दिवशी मीच त्याला लिहीन, आणि बाप काय म्हणाला नाही तेही लिहीन.

बारकी

२७ फेब्रुवारी

बारके,

तू दिलेल्यातला सातवा दिवस आहे. थोरल्याला लिहिलेलं पत्र ह्याच्यासोबत तुला पाठवतो आहे. त्याच्याकडे ते गेलेलं नाही, कारण मी परवा स्वतः त्याच्या खोलीवर गेलो. पत्र खिशात होतं, म्हटलं जीभ रेटली नाही तर हातात देईन.

गाडीत नऊ तास बसावं लागलं. पोचलो तेव्हा सकाळचे सात वाजले होते. त्याने दार उघडलं, एक हात चौकटीवर. मला बघून एकदम सरळ झाला. बारके, त्याचं तोंड कळवळलं आणि तरी तो सरळ झाला, कारण मी समोर होतो. मग मी पत्र खिशातच ठेवलं. त्याला म्हटलं, "वाक. माझ्यासमोर ताठ उभं राहायचं नाही." त्याला समजेना. मी त्याच्या खुर्चीवर बसलो, पाय पुढे केले आणि त्याला माझे बूट काढायला सांगितलं, आणि का, ते तो बूट काढेपर्यंत सगळं सांगितलं.

बूट बाजूला ठेवून तो माझ्या पायापाशीच बसला. मग म्हणाला, "दोन वर्षं झाली, बाबा. तुम्ही काय म्हणाल म्हणून बोललो नाही."

सोमवारी त्याचा एक्स-रे आहे. मी इथेच थांबलो आहे.

दादा